धूर जास्त सोडणाऱ्या गाड्यांवर जादा कर लावला, तर खेड्यातील माणसाने कोणती गाडी घ्यावी?

घाटंजीचा कास्तकार (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात राहतो. सात एकर कोरडवाहू वावर आहे आणि घरी एक जुनी डिझेल जीप आहे. बियाणे आणि खताच्या बॅगा आणण्यापासून रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला रुग्णालयात पोहोचविण्यापर्यंत गावातील बरीच कामे या एका गाडीवर होतात. मागच्या वर्षी तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली. तेव्हा यवतमाळला जाऊन फेरनोंदणी केली, पर्यावरण कर भरला आणि पुढच्या पाच वर्षांसाठी पासिंग करून आणले.

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चर्चा निघाली. जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर सरकारने भरपूर कर लावावा, म्हणजे लोक आपोआप इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळतील, असे शहरात शिकणाऱ्या मुलांचे म्हणणे होते. माझा मुलगाही त्यांच्याच बाजूने बोलत होता. मी त्याला विरोध केला नाही, कारण हवामान बिघडले आहे हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. पेरणी झाल्यावर पावसाचा लांबलचक खंड पडतो आणि बोंडे फुटून पांढरे शेत दिसू लागले, की नेमका तेव्हाच पाऊस येतो. भिजलेली बोंडे हातात घेतली तर आतील कापूस पिवळट आणि चिकट लागतो, आणि व्यापारी त्याच्याकडे एकदा पाहून भाव खाली आणतो. त्यामुळे धूर कमी झाला पाहिजे हे मला मनापासून पटते.

मात्र माझे दोन प्रश्न आहेत आणि जाणकारांनी त्यांची सविस्तर उत्तरे द्यावीत, अशी विनंती आहे. पहिला प्रश्न असा, की असा कर नेमका कोणाकडून घेतला जावा? ज्याच्यापुढे दुसरी गाडी घेण्याचा पर्याय आहे त्याच्याकडून, की ज्याच्याजवळ जुनी गाडी आहे त्याच्याकडूनही? दुसरा प्रश्न असा, की उद्या मी खरोखर इलेक्ट्रिक गाडी घेतली, तर आमच्या गावातील लाइनवर ती चार्ज होईल का?

निवृत्त वायरमन, दारव्हा

भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझी सारी नोकरी खांबांवर आणि डीपीच्या, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, खाली गेली.

साधारण ३० युनिट बॅटरीची लहान इलेक्ट्रिक कार घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर लावली, तर ती ताशी तीन युनिटच्या आसपास वीज घेते आणि पूर्ण रिकामी असल्यास भरायला नऊ-दहा तास लागतात. एका घरासाठी हा भार काही फार मोठा नाही, पाणी तापविणारा मोठा गिझरही जवळपास तेवढीच वीज ओढतो. फरक असा, की गिझर दहा मिनिटे चालतो आणि कारचे चार्जिंग रात्रभर चालते. गावठाणात बहुतेक ठिकाणी ६३ केव्हीएची डीपी असते. एकाच डीपीवरच्या दहा घरांनी एकाच वेळी कार लावल्या, तर जवळपास अर्धी क्षमता त्यांच्यातच संपेल. मग संध्याकाळी पंखे, फ्रीज, टीव्ही, गिरणी आणि कूलर कशावर चालायचे? उन्हाळ्यात डीपीच्या शेवटच्या टोकाच्या घरात मी स्वतः मीटर लावून पाहिले आहे. सायंकाळी सात-आठच्या सुमारास २३० ऐवजी १७०-१७५ व्होल्ट दाखवीत असे. इतक्या कमी दाबावर कारचा चार्जर स्वतःहून बंद पडतो, आणि तो बंद पडतो हेच बरे, नाहीतर वायर तापली असती.

त्याहून मोठी अडचण आहे अर्थिंगची. आपल्याकडच्या जुन्या घरांत एक तर अर्थिंग नसते, किंवा असलेच तर मीटरजवळ जमिनीत एक सळई ठोकून काम भागविलेले असते. आपली जमीन काळी आणि भारी. पावसाळ्यात ती ओल धरते, पण एप्रिल-मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सळईभोवतीची माती तिला सोडून देते. तेव्हा चार्जरला अर्थिंग सापडत नाही, लाल दिवा लागतो, आणि गाडीतच दोष आहे असे समजून माणूस शोरूमच्या चकरा मारतो. यावर उपाय साधा आणि स्वस्त आहे. माणूसभर खोल खड्डा खोदून तांब्याची पट्टी किंवा जीआय पाइप उभा करावा, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावेत, वर तोंड उघडे ठेवावे आणि उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. कोणतीही इलेक्ट्रिक गाडी घरी येण्याआधी हे काम झालेच पाहिजे. यात गाडीचे रक्षण आहेच, पण ओल्या पायांनी गाडीला हात लावणाऱ्या लेकराच्या जिवाचेही रक्षण आहे.

शेतीच्या लाइनचा विचार मात्र मनातून काढून टाका. ती आठ तास येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि तिच्यावर वावरातला पंप चालला तरी पुष्कळ. गावठाणाचा फिडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी वीजवाहिनी, वेगळा असेल तरच गाडीचा विचार करावा. शेतीचे फिडर सौरऊर्जेवर नेण्याचे काम मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून चालू आहे. ते पूर्ण झाले तर पंपांना दिवसा वीज मिळेल आणि रात्री इतर कामांसाठी उपकेंद्रावर थोडी जागा मोकळी होईल, असे मला वाटते.

अमरावतीचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक

आपला पहिला प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे, आणि कराच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण तो विचारतच नाहीत. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सध्या आपल्या राज्यात गाडी घेताना जो एकरकमी रस्ता कर भरावा लागतो, तो गाडीच्या किमतीवर ठरतो. दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर ११ टक्के, तर तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीवर १३ टक्के कर आहे. त्यापुढच्या किमतीला तो टक्क्याटक्क्याने वाढत जातो, आणि इलेक्ट्रिक गाड्यांना माफी आहे. म्हणजे डिझेलवर दोन टक्के जास्त आणि इलेक्ट्रिकला माफी, एवढाच धुराचा विचार या करात आहे. केंद्राचा जीएसटी पाहिला, तर तो इंजिनाच्या आकारावर आणि गाडीच्या लांबीवर ठरतो. एका किलोमीटरला गाडी किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, हे मोजून कर लावण्याची पद्धत आपल्याकडे अजून आलेलीच नाही. वास्तविक हा आकडा कंपन्यांजवळ असतो, कारण २०२२-२३ पासून प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला सुमारे ११३ ग्रॅमच्या आत राहावी, असे केंद्राचे बंधन आहे. जी संख्या कंपनीला लागू आहे तीच ग्राहकाच्या करालाही लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल आणि डिझेल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी २८ टक्के आणि त्यावर उपकर असे. मोठ्या एसयूव्हींवर पूर्वी उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत कर पडत असे, तो आता ४० टक्के झाला. इलेक्ट्रिक गाड्यांवरचा दर मात्र २०१९ पासून आहे तोच, म्हणजे ५ टक्के राहिला. लहान गाड्या स्वस्त झाल्या याचा सामान्य माणसाला आनंद होणे स्वाभाविक आहे आणि मलाही तो झाला. पण धुराच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींमधील अंतर कमी झाले, आणि सर्वांत जास्त इंधन पिणाऱ्या गाडीवरचा बोजाही हलका झाला. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये डिझेल गाड्यांवर १० टक्के जादा जीएसटी लावण्याची भाषा केली होती आणि त्याच दिवशी असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नसल्याचा खुलासाही केला होता. यावरून हा विषय किती नाजूक आहे, ते कळते.

आता कोणाकडून घ्यावा हे पाहू. नॉर्वेने नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर वजन आणि धूर यांच्या हिशेबाने भारी कर लावला आणि इलेक्ट्रिक गाड्यांना वर्षानुवर्षे सूट दिली. परिणामी २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळजवळ ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. तिथे भार नव्या खरेदीवर होता आणि शोरूममध्ये शेजारीच पर्याय उभा होता, हे यातील मर्म आहे. याच्या उलट फ्रान्सचे उदाहरण पाहा. नव्या गाडीच्या धुरावर अधिभार आणि कमी धुराच्या गाडीला बक्षिसी ही पद्धत तिथे २००८ पासून सुरळीत चालू होती. पण सरकार इंधनावरचा कर वाढवीत गेले, तेव्हा २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जॅकेटे घातलेले लोक चौकाचौकांत उतरले. त्यांतील बरेचसे लहान गावांत राहणारे होते, ज्यांना कामावर जायला स्वतःच्या गाडीशिवाय दुसरे साधन नव्हते. अखेर पुढच्या जानेवारीत ठरलेली वाढ सरकारला मागे घ्यावी लागली. पर्याय नसलेल्या माणसावर कर लावला, तर तो गाडी बदलत नाही, फक्त गरीब होतो. यवतमाळच्या कास्तकारालाही हेच लागू आहे.

म्हणून माझे उत्तर असे आहे, की कर नव्या आणि मोठ्या खासगी गाडीच्या खरेदीवर असावा, किलोमीटरमागच्या ग्रॅमवर असावा आणि दरवर्षी थोडा थोडा वाढत जावा. तीस लाखांची गाडी घेणाऱ्यापुढे दहा पर्याय असतात. आपल्यासारख्याची पंधरा वर्षांची जीप ही निवड नव्हे, ती गरज आहे. जुन्या गाड्यांवर राज्यात २०१० पासून पर्यावरण कर आहेच, आणि खेड्यात तो आणखी वाढविण्याआधी एसटीची फेरी वाढविली पाहिजे.

देवळीची शिक्षिका

मी तीन वर्षांपासून इलेक्ट्रिक स्कूटर वापरते, म्हणून प्रत्यक्ष अनुभव सांगते. शाळेत जाऊन-येऊन माझे रोज ४० किलोमीटर होतात. पूर्वी त्याला पाऊण लिटरपेक्षा थोडे जास्त पेट्रोल लागे, म्हणजे रोजचे ऐंशी रुपयांच्या वर. आता दीड युनिट वीज लागते. मागच्या वर्षी आम्ही छतावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल बसविले, त्याला पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळाले, आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी स्कूटर दुपारीच चार्ज करते.

अडचणी सांगणेही माझे कर्तव्य आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला, की दुपारी शाळेच्या आवारात उन्हात उभी राहिलेली स्कूटर तापमानाची सूचना देते आणि तिचा वेग कमी होतो. म्हणून मी ती कडुनिंबाखाली लावते आणि घरी आल्यावर तासभर थंड होऊ देते, मगच चार्जिंगला लावते. दुसरी अडचण दुरुस्तीची. एकदा कंट्रोलर बिघडला, तेव्हा तो भाग यायला बावीस दिवस लागले आणि तोवर मी दुसऱ्या शिक्षिकेच्या मागे बसून शाळेत गेले. साधी मोटरसायकल असती, तर आमच्या चौकातील मेकॅनिकने ती संध्याकाळपर्यंत उभी करून दिली असती. करातून जे पैसे येतील, त्यांतून तालुक्याच्या आयटीआयमध्ये मुलामुलींना या गाड्यांची दुरुस्ती शिकवावी, असे मला फार वाटते. कास्तकार दादांनी जीप बदलण्याची घाई करू नये. घरात मोटरसायकल असेल, तर आधी ती बदलावी.

चंद्रपूरकर

वरच्या सर्वांचे म्हणणे मी आदराने वाचले, पण आमच्या जिल्ह्याचा यात कोणीच उल्लेख केला नाही, म्हणून लिहावे लागते. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे नागपूर-पुण्याच्या रस्त्यांवरचा जो धूर थांबतो, त्यातील बराचसा आमच्या वीज केंद्राच्या चिमणीतून निघतो. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. तिकडे गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉट, नागपूर जिल्ह्यात मौद्याला २,३२० मेगावॉट, शिवाय कोराडी आणि खापरखेडा आहेतच. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा वाटा विदर्भाच्या कोळशातून निघतो आणि राख विदर्भाच्या पदरात राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. सकाळी अंगणातील तुळशीच्या पानावर बोट फिरविले, तर बोटाला करडी राख लागते, आणि वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी पांढरा राहत नाही.

तरीही मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या विरोधात नाही, आणि त्याचे कारण हिशेबात आहे. देशातील वीज एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. लहान इलेक्ट्रिक कारला १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट लागतात. वाटेतील गळती धरली, तर १२-१३ किलो होतात. एक लिटर पेट्रोल जाळले तर २.३ किलो आणि डिझेल जाळले तर २.७ किलोच्या जवळपास निघतो. म्हणून लहान पेट्रोल कारचे तेवढ्याच अंतराला १५ किलो, तर मोठ्या डिझेल एसयूव्हीचे २२-२३ किलो होतात. म्हणजे कोळशाची वीज असतानाही इलेक्ट्रिक कार बरी ठरते, मोठ्या डिझेल गाडीपेक्षा तर फारच बरी. पण लहान पेट्रोल कारच्या तुलनेत ती पूर्ण स्वच्छ आहे, असे आमच्या तोंडावर कोणी म्हणू नये. वीज केंद्रांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूसाठी केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा ठरविल्या, त्यांच्या मुदती वारंवार वाढविल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यांतून सूट दिली. गाडीच्या नळकांड्यावर कर लावणाऱ्या सरकारने चिमणीलाही तोच न्याय लावावा, ही आमची मागणी आहे.

दुसरे असे, की वणी-घुग्घुस-चंद्रपूर रस्त्यावर कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, आणि त्यांच्या मागे मोटरसायकलवर असलेल्या माणसाला तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय चालवता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हरित कराचा जो प्रस्ताव मांडला, त्यातच म्हटले होते, की एकूण गाड्यांपैकी ५ टक्क्यांच्या आसपास असलेली व्यावसायिक वाहने वाहनांच्या प्रदूषणापैकी ६५ ते ७० टक्के प्रदूषण करतात. त्याच प्रस्तावात ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर यांना सूट होती आणि कराचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून प्रदूषण रोखण्यासाठीच वापरावेत, असेही होते. प्राध्यापक सरांनी नव्या एसयूव्हींचा मुद्दा मांडला तो योग्यच आहे, पण या जुन्या ट्रकांना वगळून चालणार नाही.

अमरावतीचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक

चंद्रपूरकरांचा मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या पहिल्या उत्तरात तो राहून गेला, ही माझी चूक आहे. कोळशाच्या ट्रकचा मालक खाणीच्या किंवा वीज केंद्राच्या कंत्राटावर चालतो. त्यामुळे तिथे कराचा भार कंत्राटाच्या दरात आणि शेवटी विजेच्या दरात उतरवता येतो, कास्तकाराच्या बाबतीत तसे होत नाही. जुन्या ट्रकवर जादा कर असावा आणि तो ट्रक मोडीत काढून नवा घेणाऱ्याला त्यातूनच परतावा मिळावा, अशी दुरुस्ती मी माझ्या मतात करतो.

घाटंजीचा कास्तकार

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. घरात बसून आम्ही सर्व उत्तरे मोठ्याने वाचली. जीपचा कर आधीच भरलेला असल्याने ती पाच वर्षे चालवायची, पण तिची धाव कमी करायची, असे ठरले. मुलगा रोज घाटंजीला मोटरसायकलने जातो. ताईंच्या सल्ल्याप्रमाणे कापसाचे पैसे आल्यावर तिच्या जागी इलेक्ट्रिक स्कूटर घेण्याचा विचार पक्का होत आहे. अर्थिंगचा खड्डा मात्र त्याने कालच खोदायला घेतला.

पुढच्या ग्रामसभेत मी दोन ठराव मांडणार आहे. धुराच्या ग्रॅमवर कर नव्या मोठ्या गाड्यांना आणि जुन्या ट्रकांना लावावा, आणि त्यातील ठरावीक हिस्सा गावठाणाच्या डीपी बदलण्यासाठी आणि तालुक्यापर्यंतच्या इलेक्ट्रिक एसटीसाठी राखून ठेवावा, हा पहिला. आमच्या गावच्या डीपीची क्षमता वाढवून मिळावी, हा दुसरा. नुसती मागणी केली, तर कागद फाइलमध्ये पडून राहतो, हा आजवरचा अनुभव आहे. ठरावासोबत काय जोडावे, हे वायरमन काकांनी सांगावे.

निवृत्त वायरमन, दारव्हा

भाऊ, डीपीच्या टाकीवर एक पत्र्याची पाटी असते, तिचा मोबाइलवर स्पष्ट फोटो घ्या. फोटो खालून, कुंपणाच्या बाहेर उभे राहूनच घ्या, खांबावर कोणीही चढू नये. त्यावर केव्हीएचा आकडा लिहिलेला असतो. मग त्या डीपीवरून किती घरांना, गिरण्यांना आणि दुकानांना जोडणी गेली आहे, ते घरोघरी जाऊन मोजा आणि प्रत्येकाच्या वीजबिलावरील मंजूर भार एका वहीत उतरवून बेरीज करा. शेवटच्या टोकाचे घर निवडून तिथे सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता सलग सात दिवस व्होल्ट मोजा. मल्टिमीटर नसेल तर इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याकडून आठवड्यासाठी मागून आणा. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि त्या वहीची झेरॉक्स ठरावाला जोडून महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्या. देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका.